दोन कपाळांची विभूती

मन्मथअप्पा रोज सकाळी आंघोळ झाली की दोन कपाळांना विभूती लावत. एक स्वतःचं आणि दुसरं फटफटीचं. फटफटीचं कपाळ म्हणजे पेट्रोलच्या टाकीचं झाकण. ते गोल होतं, टाकीच्या मधोमध होतं आणि सगळ्यात उंच होतं, म्हणून अप्पांच्या हिशेबी तेच कपाळ. विभूतीचा गोळा ओल्या तळहातावर घासायचा, तीन बोटं त्यात बुडवायची, आपल्या कपाळावर तीन पट्टे ओढायचे आणि बोटांना जे उरेल ते घेऊन दुकानासमोर उभ्या असलेल्या फटफटीच्या झाकणावर तसेच तीन पट्टे ओढायचे. मग गळ्यातल्या चांदीच्या करंड्याला, ज्यात त्यांचं इष्टलिंग असे, हात लावून म्हणायचं, "शिवा, दोघांची बी काळजी घे."

ही फटफटी त्यांनी बदली होऊन जाणाऱ्या एका ओव्हरसियरकडून घेतली होती. वयानं ती माझ्याएवढी असावी. दर सोमवारी अप्पा तिला बादलीभर पाण्यानं आंघोळ घालत आणि आठवडाभराची विभूती धुऊन निघे. पुढे दुष्काळ पडला. भोकरच्या आमच्या गल्लीत टँकर यायला लागला आणि सोमवारची आंघोळ बंद झाली. विभूती मात्र चालू राहिली. "पाणी न्हाई म्हणून कपाळ मोकळं ठिवायचं व्हय?" अप्पा विचारत. थरावर थर बसत गेले. काही महिन्यांनी लांबून बघणाऱ्याला वाटे, टाकीवर कुणी चुन्याची डबी विसरून गेलंय.

अप्पांचं बाजार गल्लीत तेलाचं आणि किराण्याचं दुकान होतं. मूळचे ते निलंग्याच्या पलीकडचे, कर्नाटकाच्या शिवेवरच्या गावचे. तरुणपणी भोकरला आले, आमच्यासारखं बोलायला शिकले, पण एक कानडी शब्द त्यांनी जपून ठेवला होता. एरवी 'हो' म्हणायचं झालं की ते चारचौघांसारखं 'हाव' म्हणत. मनापासून पटलं तरच तोंडातून 'हौदु' निघे. गिऱ्हाइकांना हे ठाऊक होतं. "तेल ताजं हाय का?" असं विचारून कुणी गप्प बसत नसे. "अप्पा, हाव का हौदु?" असा पुढचा प्रश्न येई, आणि अप्पा खोटं बोलत नसल्यामुळे कधी कधी गिऱ्हाईक हात हलवत परत जाई.

त्यांच्या बंडीच्या खिशात कायम एक चार इंची खिळा असे. तेलाचा नवा पत्र्याचा डबा उघडताना ते एका कोपऱ्यावर खिळा ठेवून वर वजनाचा ठोका घालत, आणि लगेच समोरच्या कोपऱ्यावर दुसरा. एका भोकातून तेल बाहेर येणार, दुसऱ्यातून वारा आत जाणार. दुसरं भोक पाडलं नाही तर तेल गटांगळ्या खात येतं आणि मग यायचंच थांबतं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, हातालाच ठाऊक होतं. पण एवढ्यावरून त्यांनी जगातल्या सगळ्या अडचणींवर एक इलाज काढला होता. दोन भाऊ एका दारावरून भांडत दुकानात आले तेव्हा त्यांचं सगळं ऐकून घेऊन अप्पा म्हणाले, "दुसरं भोक पाडा." भावांनी मागच्या भिंतीला दुसरं दार काढलं आणि भांडण मिटलं. कुणाची सून बोलत नव्हती, तर अप्पांनी तिच्या सासऱ्याला सांगितलं, "तिला चार रोज माहेरी धाडा. वारा आत गेल्याबिगर माणूस बोलत न्हाई."

हा इलाज त्यांनी माझ्यावरही केला होता. माझे वडील त्याच बाजारात हमाल. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथी ओलांडली नव्हती. मी नांदेडच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेलो आणि पहिल्याच वर्षी इंग्रजीत नापास झालो. तोंड लपवून गल्लीतून चाललो होतो, तर अप्पांनी हाक मारली. "मास्तर, हिकडं ये." मी मास्तर नव्हतो, होण्याचं काही चिन्ह नव्हतं, पण गल्लीत पुस्तक घेऊन हिंडणारा मी एकटा, म्हणून ते मला मास्तर म्हणत.

"इंग्रजी लिहिता येत न्हाई का वाचता?"

"वाचता येतं. लिहायला बसलो की काही सुचतच नाही."

"आत वारा न्हाई तर भायेर काय यील? रोज येऊन मला इंग्रजी पेपर वाचून दाव."

"तुम्हाला इंग्रजी समजतं?"

"मला न्हाई समजत. तेल तरी कुठं समजून भायेर येतंय?"

वर्षभर मी घरीच राहिलो आणि रोज सकाळी दुकानाच्या पायरीवर बसून त्यांना इंग्रजी पेपर मोठ्यानं वाचून दाखवला. ते तराजू पुसत ऐकत आणि मधूनच गंभीरपणे मान हलवत. मी पास झालो. पदवीही मिळाली, तीसुद्धा पदार्थविज्ञानाची. निकाल कळला त्या दुपारी मी आमच्या पत्र्याच्या दारावर काळ्या रंगानं माझं नाव लिहायला घेतलं. आधी 'बी.एस्सी.' लिहिलं, ते भलतंच मोठं आलं, आणि आडनाव दारात मावेना म्हणून ते चौकटीवर लिहिलं. त्यामुळे दार उघडलं की माझी पदवी घरात जाई आणि आडनाव बाहेर राही. गल्लीनं यावर दोन वर्षं करमणूक करून घेतली. कारण ती दोन वर्षं मला नोकरी नव्हती आणि दार उघडझाप करणं एवढाच माझा उद्योग होता.

तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. अप्पांना याचा फार आनंद. "नवा जिल्हा म्हंजी नवी टेबलं. नवी टेबलं म्हंजी नव्या शाळा, अन् नव्या शाळा म्हंजी नवे मास्तर. अर्ज टाक." मी म्हणालो, "पण तिकडेही दुष्काळच आहे." अप्पा म्हणाले, "आसंना. जिल्हा नवा झाला म्हणून पाणी बी नवं पडल असं कोण म्हणतंय?"

आणि खरोखरच निलंग्याच्या एका शाळेतून मला विज्ञान शिक्षक म्हणून नेमणुकीचं पत्र आलं. अमुक तारखेला शाळा सुटायच्या आत रुजू व्हावं, न झाल्यास यादीतल्या पुढच्या उमेदवारास जागा दिली जाईल, असं त्यात लिहिलं होतं. ते पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटायला आलं. वडिलांनी ते उलटं धरून कपाळाला लावलं. हाताशी चार दिवस होते. शहाणा माणूस दुसऱ्याच दिवशी निघाला असता. पण मी शिक्षक होणार होतो, तर शिक्षकासारखी पँट पाहिजे म्हणून शिंप्याकडे टाकली, आणि ती चौथ्या दिवशी पहाटे मिळाली. एवढ्यावर भागलं असतं. पण पँटला इस्त्री नव्हती. मी तांब्यात निखारे घालून इस्त्री करायला बसलो, डाव्या पायाची घडी चुकली, ती पुन्हा केली, आणि स्टँडवर पोचलो तर लातूरकडची पहिली गाडी निघून गेली होती. पुढच्या गाडीनं गेलो असतो तर निलंग्यात दिवेलागणीला पोचलो असतो.

कडक इस्त्रीच्या पँटमध्ये मी रडवेला होऊन परत गल्लीत आलो. अप्पांनी नुकतीच दोन्ही कपाळांना विभूती लावली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पँटकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं.

"माझी नोकरी गेली, अप्पा."

"जायला आधी यावी लागती. बस मागं."

"निलंगा दोनशे किलोमीटरच्या वर आहे!"

"ठाव हाय. माझी सासुरवाडी हाय तिथं. जावयाला रस्ता इचारतो व्हय?"

मुलगा बसवराजला त्यांनी गल्ल्यावर बसवलं, पंपावर टाकी काठोकाठ भरली आणि आम्ही निघालो. माझ्या मांडीवर सर्टिफिकेटांची पिशवी, अप्पांच्या डोक्याला पटका आणि दोन्ही बाजूंना कोरडी रानं. मृग गेला होता, आर्द्रा चालल्या होत्या आणि आभाळ नुसतं धुतल्यासारखं स्वच्छ होतं.

नांदेडच्या अलीकडेच फटफटी पहिल्यांदा बंद पडली. आधी तिनं दोन उचक्या दिल्या आणि मग शांतपणे कडेला जाऊन थांबली. मी लगेच खाली उतरलो. फटफटी मला चालवता येत नव्हती, पण इंजिनाचे चार स्ट्रोक मला पाठ होते. परीक्षेत त्यावर आठ गुणांचा प्रश्न आला होता. मी अप्पांना सांगितलं की दोष प्लगमध्ये आहे. प्लग काढला, रुमालानं पुसला, फुंकला, परत बसवला. तोवर अप्पांनी आपल्या पद्धतीनं तपास केला, म्हणजे टाकीचं झाकण उघडलं, आत डोळा लावला, "माल तर लई हाय की गं" असं फटफटीला सांगितलं आणि झाकण लावलं. किक मारताच ती सुरू झाली.

"बघितलंत?" मी म्हणालो. "प्लग."

"हाव," अप्पा म्हणाले.

लोह्याच्या पुढे ती पुन्हा थांबली. मी पुन्हा प्लग पुसला. अप्पांनी पुन्हा झाकण उघडून चौकशी केली. पुन्हा सुरू. अहमदपूरच्या अलीकडे तिसऱ्यांदा अगदी हेच झालं, तेव्हा मात्र श्रेयावरून आमच्यात थोडी कुरबुर झाली.

"तू पुसतो म्हणून न्हाई रं, मास्तर. मी तिला इचारतो म्हणून चालती. जनावर असो का गाडी, कुणी इचारपूस केली की बरं वाटतंय."

मला हे सहन झालं नाही. पदार्थविज्ञानाचा पदवीधर असताना फटफटी विचारपूस केल्यानं चालते हे मी कसं मान्य करू? मी म्हणालो, "अप्पा, तुम्ही दर वेळी झाकण उघडता ना, तेच चूक आहे. एवढ्या उन्हात टाकी उघडली की पेट्रोलची वाफ होऊन उडून जातं. त्याला बाष्पीभवन म्हणतात."

"बाश..."

"बाष्पीभवन. यापुढे झाकण उघडायचं नाही."

"आसं व्हय? तू म्हणतोस तर न्हाई उघडत." आणि दिलेला शब्द त्यांनी पाळला. या आज्ञाधारकपणाची शिक्षा आम्हा दोघांना चाकूरच्या पुढे मिळाली.

चाकूर ओलांडून आम्ही लातूरला न जाता निलंग्याकडचा आडवा रस्ता धरला होता. दीड वाजला होता. एका वस्तीच्या फाट्यावर लिंबाखाली फटफटी चौथ्यांदा थांबली. मी प्लग पुसला. अप्पा झाकणाकडे बघत हात मागे बांधून उभे राहिले. किक मारली, काही नाही. आणखी वीस किका मारल्या, काही नाही. प्लग पुन्हा काढला, रुमाल सोडून शर्टाच्या टोकानं पुसला. तरीही काही नाही. दोन वाजले. अजून पन्नास-साठ किलोमीटर राहिले होते आणि शाळा पाचला सुटणार होती. त्या फाट्यावरून एकही गाडी जात नव्हती.

"आता कार्ब्युरेटर खोलावा लागेल," मी जाहीर केलं.

"तुला येतो?"

"आकृती काढता येते."

"मंग झालं तर," अप्पा म्हणाले आणि त्यांनी आपलं उपरणं जमिनीवर अंथरलं. हे आठवलं की मला अजून लाज वाटते. माझ्यावर एवढा विश्वास पुढे कुठल्याही मुख्याध्यापकानं टाकला नाही.

मी टाकीचा कॉक बंद केला आणि पेचकसानं जे जे फिरेल ते ते फिरवलं. उपरण्यावर लहानमोठे भाग मांडत गेलो आणि अप्पा करंड्याला हात लावून शिवाचं नाव घेत राहिले. आकृतीत होते त्यापेक्षा ते फार जास्त होते आणि एकालाही शेजारी नाव लिहिलेलं नव्हतं. फाट्यावर टँकर यायचा होता, म्हणून वस्तीवरच्या बायका घागरी ओळीनं मांडून बसल्या होत्या. त्यांतली एक म्हातारी बराच वेळ आमच्याकडे बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"काय रं बाबा, एक जण भांडी मांडून राहिला, एक जण देव देव करून राहिला. गाडी कोण दुरुस्त करून राहिलं?"

बायका हसल्या. अप्पा म्हणाले, "मावशे, हे निलंग्याचे मास्तर हायेत. सायन्सचे. नव्या जिल्ह्याचे."

"आता गं बया! मंग शाळा सोडून हितं काय करून राहिले?"

तोवर मी सगळं परत जोडत आणलं होतं, आणि तळहातावर एक स्क्रू उरला होता. तो कुठला हे मला कळेना. मी अप्पांकडे पाहिलं, ते म्हातारीशी बोलत होते. मी स्क्रू हळूच नव्या पँटच्या खिशात टाकला. मग कॉक उघडून किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. तीन वाजायला आले होते. मी रस्त्याच्या कडेला बसलो आणि बायकांच्या देखत रडलो. मला मुख्याध्यापक दिसत होते, यादीतला पुढचा उमेदवार दिसत होता, पत्र उलटं धरून कपाळाला लावणारे वडील दिसत होते. सगळ्यात स्पष्ट दिसत होतं ते दारावरचं बी.एस्सी.

म्हातारी उठली. तिच्या एका घागरीच्या बुडाशी जपलेलं थोडं पाणी होतं, त्यातलं तांब्याभर तिनं आणून दिलं. "पे रं. रडाया बी पाणी लागतंय."

अर्धं मी प्यालो. उरलेलं अप्पांना दिलं. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं, ओठ सुकले होते. त्यांनी तांब्या तोंडाशी नेला, एक घोट घेतला, थांबले, फटफटीकडे पाहिलं आणि उरलेलं पाणी तिच्या कपाळावर ओतलं. "तिनं बी सकाळपून पाणी बघितलं न्हाई," असं म्हणत उपरण्याच्या टोकानं झाकण खसाखसा चोळायला लागले. महिन्यांची विभूती पांढऱ्या ओघळानं टाकीवरून खाली आली.

म्हातारी ओरडली, "आरं आरं! माणसं पाण्यावाचून मरून राहिले अन् लोखंडाला आंघूळ घालतो! फुटलं का तुजं डोस्कं?"

त्याच वेळी झाकणातून 'सुस्स' असा बारीक आवाज आला. अप्पांनी हात थांबवला. "काय वाजलं रं?"

"काही नाही," मी डोळे पुसत म्हणालो. "तापलेल्या धातूवर पाणी पडलं की असा आवाज होतोच." सावलीत तास-दीड तास उभी असलेली टाकी किती तापलेली असणार, एवढा विचार माझ्या पदवीला सुचला नाही.

अप्पांनी किक मारली. फटफटी पहिल्या किकेला सुरू झाली.

मी जागच्या जागी उडी मारली. "कार्ब्युरेटर! अप्पा, कार्ब्युरेटरमध्येच होतं!" अप्पा म्हातारीला हात जोडत होते. ती तोंडाला पदर लावून म्हणाली, "जा बाबा जा, मास्तर. पोरं खोळंबले आसतील." तिथून निलंग्यापर्यंत फटफटी एकदाही थांबली नाही. वाटेत मी अप्पांच्या कानाशी ओरडून कार्ब्युरेटरचं कार्य समजावून सांगत होतो, आणि ते वाऱ्यात "हाव, हाव" करत होते.

शाळा सुटून पोरं फाटकातून बाहेर पडत होती. मुख्याध्यापक ऑफिसच्या दाराला कुलूप घालत होते. त्यांनी माझ्याकडे, माझ्या काळ्या हातांकडे आणि धुळीनं आणि तेलानं माखलेल्या पँटकडे पाहिलं. कुलूप काढून त्यांनी हजेरीबुक पुढे केलं. मी सही केली. तिच्याशेजारी माझ्या अंगठ्याचा तेलकट ठसाही उमटला. आमच्या घराण्यात सहीऐवजी अंगठा देण्याची रीत होती, ती माझ्या हातून अशी पाळली गेली. बाहेर येऊन मी अप्पांना म्हणालो, "रुजू झालो."

अप्पा फटफटीला टेकून उभे होते. त्यांनी पटका काढला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "हौदु, मास्तर. हौदु."

ती रात्र ते सासुरवाडीला राहिले आणि दुसऱ्या दिवशी एकटे भोकरला परत गेले.

पुढे चार-पाच महिन्यांनी मी आठवीच्या वर्गात हवेचा दाब शिकवत होतो. प्रयोगशाळा नव्हती, म्हणून बाजारातून तेलाचा डबा आणला, त्यात पाणी भरलं आणि अप्पांच्या थाटात एका कोपऱ्यावर खिळा ठोकला. डबा वाकडा केला. पाणी गटांगळ्या खात आलं आणि थांबलं. "आता दुसरं भोक पाडलं तर काय होईल?" मी मुलांना विचारलं आणि डबा तसाच वाकडा धरून राहिलो. माझ्या डोळ्यांसमोर डबा नव्हता, पेट्रोलची टाकी होती. टाकीच्या झाकणाला वारा आत जायला एक बारीक भोक असतं. अप्पांच्या विभूतीनं ते बुजलं होतं. वारा आत जात नव्हता म्हणून पेट्रोल खाली येत नव्हतं. अप्पा झाकण उघडत, वारा आत जाई, गाडी चाले. आणि मी त्यांना झाकण उघडायला बंदी केली होती! 'सुस्स' आवाज आत घुसणाऱ्या हवेचा होता. मी प्लग पुसला नसता, कार्ब्युरेटर खोलला नसता, गप्प बसलो असतो, तर आम्ही तीनच्या आत निलंग्याला पोचलो असतो.

"सर, काय झालं?" पुढच्या बाकावरून कुणीतरी विचारलं. मी म्हणालो, "काही नाही. उदाहरण आठवलं."

मी ठरवलं, हे अप्पांना कधीच सांगायचं नाही. ज्या विभूतीवर त्यांची एवढी श्रद्धा, तिच्यामुळेच गाडी अडली हे ऐकून त्यांना काय वाटेल? विज्ञानाच्या माणसानं एवढं मोठं मन दाखवलंच पाहिजे. या मोठ्या मनाचं मला पुढे वर्षानुवर्षं कौतुक वाटत राहिलं. दिवाळीला भोकरला गेलो की अप्पा गिऱ्हाइकांना सांगत, "ह्या मास्तरनं भर रस्त्यात माझ्या गाडीचा कारबोटर खोलला अन् जोडला. बी.एस्सी. हाय." मी नम्रपणे खाली बघत असे आणि मनात म्हणत असे, बिचारे अप्पा, यांना खरं काय ठाऊक! फटफटीच्या झाकणावर विभूती रोजच्यासारखी ताजी असे. एकदा मी काळजीनं विचारलंही, "पुन्हा कधी बंद पडते का हो?"

"तू दुरुस्त केल्यावर कशी पडल?"

"खरंच?"

"हाव," अप्पा म्हणाले.

अप्पा गेल्याची तार आली तेव्हा शाळेत परीक्षा चालू होत्या. मी पोचेपर्यंत त्यांना लिंगायतांच्या रीतीनं विभूती लावून, बसवून, मातीत ठेवलं होतं. मी बसवराजला भेटलो आणि आम्ही दोघं दुकानाच्या मागच्या बाजूला बसलो. तिथे तेलाच्या रिकाम्या डब्यांशेजारी फटफटी उभी होती. बसवराज म्हणाला, "अप्पा म्हणले होते, गाडी मास्तरला द्या. घिऊन जावा. चालू हाय."

मी टाकीत किती पेट्रोल आहे ते बघायला झाकणाला हात घातला आणि थांबलो. विभूतीचे तीन पट्टे होते. पण पट्ट्यांच्या एका टोकाशी, झाकणाच्या कडेला, एक भोक होतं. पत्रा आत दबलेला, कडा वाकड्यातिकड्या. कारखान्यात असं भोक पाडत नाहीत. चार इंची खिळ्यानं पडतं तसं ते होतं, आणि त्याच्याभोवती विभूतीचा कण नव्हता.

"बसवराज, हे कधीचं?"

"त्ये व्हय? तुमाला निलंग्याला सोडून आले ना, तवाचं. सकाळी तिथून इभूती लावून निघाले, तर दहा-पंधरा किलोमीटरावर बसली म्हणं गाडी. झाकण उघडलं, चालू झाली. लावलं, पुना बसली. मंग तिथंच रस्त्यावर दगडानं खिळा ठोकला. मी म्हणलं, अप्पा, पावसाचं पाणी जाईल की टाकीत. तर म्हणले, आधी पाऊस यिऊ तर दे."

मी त्या भोकावरून बोट फिरवलं. मग म्हणालो, "मला कधी सांगितलं नाही."

"आमाला बी दम दिला होता. म्हणले, गाडी मास्तरनं नीट केली, म्हणून तो येळेवर पोचला. त्याला त्या रोजी एवढं लागत होतं. कुणी बोलायचं न्हाई." बसवराज हसला, मग बापाच्या आठवणीनं त्याचे डोळे भरले. "अन् तुमी एक स्क्रू खिशात घातला होता म्हणं. म्हणायचे, ती गाडी एका स्क्रूबिगर बी चालती, मास्तर लई हुशार."

इतकी वर्षं मी अप्पांना सांभाळून घेत होतो, अशी माझी समजूत होती. त्या गोष्टीवर त्यांनी दर वेळी मला 'हाव' म्हटलं होतं, एकदाही 'हौदु' नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. भोकरचं अडाणी गिऱ्हाईकसुद्धा ते विचारल्याशिवाय तेल घेत नसे.

निघायच्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून आलो. अप्पांच्या देव्हाऱ्यातला विभूतीचा गोळा बसवराजनं पुढे केला. मी लिंगायत नाही, मला त्यातलं काही नीट येत नाही. पण ओल्या तळहातावर तो घासला, तीन बोटं बुडवली आणि फटफटीच्या कपाळावर डावीकडून उजवीकडे ओढत नेली. कडेच्या त्या भोकापाशी आल्यावर बोटं आपोआप उचलली गेली. अप्पाही रोज सकाळी तिथे तशीच उचलत असणार.